आणायला चालतो, प्यायला चालत नाही

नाव लिहीत नाही, पोरगा म्हणते. गावही नीट सांगत नाही, बीड जिल्हा, केज तालुक्याची बाजू, एवढं पुरे, आणि दोनचार बारीक गोष्टी मुद्दाम फिरवल्यात म्हणजे कोणी ओळखायचं नाही. मी नवी मुंबईत एका ज्युनियर कॉलेजला समुपदेशक आहे, आठवड्यातून 3 दिवस, लायब्ररीच्या मागची खोली, अर्ध्या खोलीत मोडके बेंच रचलेत आणि उरलेल्या अर्ध्यात मी, एक टेबल आणि 2 खुर्च्या. ह्या पोराच्या दारूची ही केस लिहून काढावी असं बरेच दिवस मनात होतं कारण स्टाफरूममध्ये ती 5 मिनिटांत सोडवून टाकली होती लोकांनी. "संगत." झालं. विषय संपला.

डिसेंबर 2024. तुळशीचं लग्न होऊन महिना झालेला, लग्नांचा सीझन. घणसोली गावठाणात वर्गातल्याच एका मुलाच्या चुलतभावाची हळद होती शनिवारी. मांडव, बेंजो, अंगण भरून माणसं, मागच्या पडवीत बर्फाचं पिंप आणि बीअरचे क्रेट. आमचा पोरगा 16 वर्षांचा, अकरावी कॉमर्स, वजन 48 किलो, दुपारी एक वडापाव खाल्लेला आणि नंतर काही नाही कारण हळदीला मटण असतं म्हणून पोट मोकळं ठेवलेलं. मटणाची पंगत बसायच्या आधीच ह्याची स्ट्राँग बीअरची एक मोठी बाटली आणि वर व्हिस्कीचे 2 लार्ज पेग झालेले. पाजलं कोणी ह्याचं उत्तर आजपर्यंत मिळालेलं नाही. "होतं तिथे" एवढंच.

आता जरा हिशोब करा, मी पण बसून केला होता, कारण पोरांना लिव्हरचे फोटो दाखवून काही होत नाही पण आकडा त्यांना कळतो. 650 मिलीची बाटली, 8 टक्के, म्हणजे 41 ग्रॅम निव्वळ अल्कोहोल. लार्ज पेग 60 मिलीचा, 42.8 टक्क्यांची व्हिस्की, एकात 20 ग्रॅम, दोनात 40. एकूण 81 ग्रॅम, आणि शरीर जिरवतं तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम, मग तुम्ही लिंबूपाणी प्या, कॉफी प्या नाहीतर डोक्यावर बादली ओता, तो वेग काही वाढत नाही. गाडी चालवायची कायद्यातली मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. ह्याच्या वजनाला ढोबळ हिशोब लावला तर 200 च्या वर जातं.

पोरांनी काय केलं, लिंबू पिळलं तोंडात, डिसेंबरच्या थंडीत डोक्यावर पाणी ओतलं आणि शाळेच्या मैदानाच्या कडेला उताणा झोपवून परत नाचायला गेली. उलटी झाली असती तर तीच घशात जाऊन गेला असता. वाचवलं कोणी, तर त्या लग्नघरातल्या एका काकीने. भांडी विसळायला बाहेर आल्या होत्या, बघितलं, ओरडल्या, "उताना काय टाकलाय रे पोराला," आणि स्वतः खाली बसून त्याला कुशीवर केला, गुडघा पुढे ओढून ठेवला आणि रिक्षा येईपर्यंत पदराने त्याचं तोंड पुसत राहिल्या. त्यांना कोणी ट्रेनिंग दिलं नव्हतं. हे मुद्दाम लिहितेय कारण नंतर आमच्याकडे बोलणं सगळं "ह्या गावठाणातल्या हळदी म्हणजे ना" ह्या लाइनवर चाललं होतं, आणि गावठाणात म्हणे चाललं होतं की "ही भायेरून आलेली पोरं येतात नि आमचं नाव खराब करतात". दोघांचं दुसऱ्याकडे बोट.

हॉस्पिटलचं मला आईने सांगितलं आणि धाकट्या बहिणीने सांगितलं, दोघींचं जोडून लिहिते. रात्री साडेअकराला फोन आला. बाप उठायच्या अवस्थेत नव्हता. आई धाकटीला घेऊन रिक्षाने गेली. आत ह्याची शुगर 52 आलेली, लहान वयात आणि उपाशीपोटी दारूने शुगर अशी खाली येते, त्यामुळे ग्लुकोज लावलं, बाकी वाट बघणं. एमएलसी केली, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, हवालदार येऊन बसले. आणि अॅडमिशनचा कागद आईसमोर आला. तिला वाचता येतं थोडंफार, पण तो फॉर्म इंग्रजी आणि मराठीची खिचडी, आणि हात थरथरत होते. घरातले सगळे फॉर्म ज्याने आजवर भरले तो समोर बेडवर पडलेला. मग धाकटीने वाचला. 10 वर्षांची, पाचवीतली. बोट ठेवून ठेवून, "पेशंटचे नाव. पेशंटशी नाते." आणि एका ठिकाणी अडली, "मम्मी, मद्यप्राशन म्हंजे काय?"

आई म्हणाली, "लिव्ह काहीबी."

सोमवारी माझ्याकडे केस आली ती टीसीच्या चर्चेसकट. काहींचं मत होतं की दाखला देऊन मोकळं व्हा, उद्या कॉलेजच्या आवारात असं झालं तर कोण निस्तरणार. मी म्हटलं टीसी दिलात तर तो मंगळवारी सकाळी 8 ला बापाबरोबर तुर्भे नाक्यावर मजुरीसाठी उभा असेल, आणि तिथे दारू कॉलेजपेक्षा सोपी आहे. 2 दिवस वाद झाला, शेवटी हमीपत्रावर भागलं.

पहिल्यांदा माझ्याच 2 चुका लिहिते. एक, मी आईला कामाच्या वेळात बोलावलं. ती महापेला एका आयटी कंपनीच्या बिल्डिंगमध्ये हाऊसकीपिंगला आहे कॉन्ट्रॅक्टवर, 11 ला माझ्यासमोर येऊन बसायला तिने अर्धा दिवस भरला आणि सुपरवायझरने पूर्ण खाडा लावला. मला हे 3 आठवड्यांनी कळलं, तेही पोराकडून. दुसरी चूक जास्त मोठी. पहिल्याच सेशनला मी ते घिसंपिटं वाक्य टाकलं, आईवडिलांचे कष्ट बघ जरा. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "कष्ट मला नका सांगू मॅडम, त्यांची हजेरी मीच मोजतो." आणि नंतर 2 आठवडे आलाच नाही.

हजेरी मोजतो म्हणजे खरंच मोजतो. फोनमध्ये नोट आहे, तारीख, साइट, किती तास, ठेकेदाराने किती दिले, किती बाकी. बाप बिगारीपासून गवंडी झालेला, कामात हुशार, पण हिशोबात सरळ फसवला जातो, म्हणून सातवीपासून हे काम ह्याच्याकडे. ते मला फार उशिरा कळलं, आणि माझ्या मते ही केस तिथूनच सुरू होते, हळदीपासून नाही.

घराची गोष्ट थोडक्यात. आईबाप ऊसतोडीला जायचे. एका कोयत्याची, म्हणजे नवराबायकोच्या जोडीची, उचल (आगाऊ पैसे) घ्यायची, दिवाळीच्या तोंडावर पोरांना आजीकडे टाकून कारखान्याला निघायचं ते उन्हाळ्यातच परत. 2016 च्या दुष्काळात, लातूरला रेल्वेने पाणी आलं ना, त्या वर्षी, गावात हापसे कोरडे आणि डोक्यावर उचल फिटलेली नाही, तेव्हा मामाच्या ओळखीने तुर्भे स्टोअरला एक खोली मिळाली आणि हे सगळे आले. पोरगा तेव्हा 8 वर्षांचा, धाकटी 2 वर्षांची कडेवर. नवी मुंबई निम्मी अशीच वसलीये, मार्केटातले माथाडी सातारा-जुन्नरकडचे, नाक्यावरचे मराठवाड्यातले आणि गुलबर्ग्याकडचे, आणि ज्यांच्या जमिनीवर सिडकोने हे शहर उठवलं ते आगरी-कोळी मधल्या मधे. त्यामुळे "बाहेरचा" हा शब्द इथे कोणी कोणाला म्हणायचा हाच एक विनोद आहे, पण म्हणतात.

शाळेत ह्याला म्हणायचे "ए बीड". "काय करायलास" असं एकदा तोंडातून गेलं तर वर्गभर आठवडाभर "करायलास करायलास". मग ह्याने भाषा बदलली, आता बोलतो तर तुम्हाला वाटेल कोपरखैरण्यातच जन्मला. मग लॉकडाऊनला टेम्पो करून सगळे गावी गेले, तिथे हा झाला "मुंबैवाला". 2020 च्या पोळ्याला, वय 12, चुलतभावांनी विहिरीमागे नेलं आणि म्हणाले मुंबैवाला हायेस ना, दाखव. तो पहिला घोट. त्याला चव आवडली नाही, पण तो म्हणतो "त्या दिवसानंतर मला कोणी काय बोललं नाही". हे वाक्य मी तसंच्या तसं वहीत लिहून ठेवलंय.

स्क्रीनिंगसाठी मी क्राफ्ट वापरते, बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात तयार झालेली 6 प्रश्नांची यादी आहे, किशोरवयीन मुलांसाठीच, 2 किंवा जास्त "हो" आले की खोलात जायचं. ह्याचे 5 आले. प्यायलेल्याच्या गाडीवर बसलास का, तर हो, ठाणे-बेलापूर रोडला ट्रिपल सीट. टेन्शन उतरवायला किंवा ग्रुपमध्ये फिट व्हायला पितोस का, हो. एकट्याने? हो. काय झालं ते आठवत नाही असं? हळदीची रात्र. लफडं झालं का, तेही तीच. एकच "नाही" आलं, घरच्यांनी किंवा मित्रांनी कधी कमी कर म्हटलं का. नुसता मार्क बघितला तर बरं वाटेल, पण खरा अर्थ असा की 16 वर्षांचा पोरगा 2 वर्षं पितोय आणि ते घरात कोणाच्या लक्षातच आलेलं नाही.

"एकट्याने" वर मी अडले. पोरं एकटी सहसा पीत नाहीत, मजा ग्रुपची असते. विचारलं, एकटा कुठे? तर म्हणाला घरी.

आणि मग त्याने सांगितलं. हे जरा सावकाश लिहिते. रोज साडेसात-आठला अप्पा (वडिलांना अप्पा म्हणतो) 100 ची नोट देतात, हा जाऊन देशीची क्वार्टर घेऊन येतो, सोबत शेंगदाणे. दुकानवाला ओळखतो, तोंडही न उघडता पिशवी पुढे करतो. 9 वर्षांचा असल्यापासून हे चालू आहे, सुटे त्याचे. अप्पा जेवायच्या आधी पितात, पिताना बोलत नाहीत, मारत नाहीत, शिव्या नाहीत, गप्प होत जातात आणि मग तिरके होतात. आई सेकंड शिफ्टला असली तर 11 ला येते. मग हा त्यांचे बूट काढतो, सिमेंटचे कडक झालेले बूट, लेस भिजवून सोडवावी लागते, पाय पुसतो, कुशीवर करतो (कुशीवर करायचं असतं हे ह्याला माहीत होतं, त्याच्या मित्रांना नव्हतं), ग्लास उचलतो. ग्लासात बोटभर उरलेली असते. नववीत असताना एकदा ती मोरीत ओतायला गेला आणि डोक्यात आलं, 70 रुपये लागलेत. ओतली नाही, प्यायला. तेव्हापासून उरलेली ह्याची.

"मॅडम, मी चोरून नाही प्यायलो कधी," तो म्हणाला. "आवराआवरीतच होतं ते."

मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय की पोरांना दारू मित्र शिकवतात, शहर शिकवतं, मोबाइल शिकवतो. ह्या पोराला दारू कामाच्या यादीतून आली. आणि तो जी कामं करत होता ती सगळी घरच्या कर्त्या माणसाची होती, मग कर्त्या माणसाला मिळतं ते त्याने घेतलं. "आणायला चालतो, प्यायला चालत नाही का?" हे त्याने मला विचारलं होतं, उद्धटपणे नाही, खरंच विचारलं होतं. उत्तर द्यायला मला वेळ लागला.

कायद्याचं उत्तर सोपं आहे, आणायलाही चालत नाही. महाराष्ट्रात माइल्ड बीअरला 21 आणि हार्डला 25 वय लागतं, वर परवाना, तो एका दिवसाचा देशीला 2 रुपये आणि विदेशीला 5 रुपये असतो हे किती जणांना माहीत आहे देव जाणे. आणि बाल न्याय कायदा 2015, कलम 77, लहान मुलाला दारू दिली तर 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. कलम 78, मुलाला दारू विकायला, वाहून न्यायला, पोचवायला वापरलं तरी तेवढीच. ह्यात लहान म्हणजे 18 च्या आतला. म्हणजे दुकानवाला, हळदीतला तो अज्ञात पाजणारा आणि अप्पा, तिघेही ह्यात येऊ शकतात. मी हा कागद प्रिंट काढून पर्समध्ये ठेवला होता, आणि अप्पांसमोर काढायचा की नाही ह्यावर माझी झोप उडाली होती, कारण ह्या घरातून बापाची हजेरी गेली की दुसऱ्या महिन्यात भाडं थकतं आणि मग पोरगाच नाक्यावर. काढला नाही. चूक की बरोबर, माझ्या सीनियरचं आणि माझं ह्यावर अजून जमत नाही.

जानेवारीत मी घरी गेले, रविवारी, संध्याकाळी 6 ला, म्हणजे क्वार्टरच्या आधी. 10 बाय 12 ची खोली, माळा, माळ्यावर भांड्यांचा नवाकोरा संच पॅकच्या पॅक. तो बांधकाम कामगार मंडळाकडून मिळालेला, आणि तो मिळवला पोराने. मंडळात नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो ठेकेदार देत नव्हता, तर हा दहावीच्या सुट्टीत 6 वेळा त्याच्या ऑफिसला जाऊन बसला होता. अप्पांनी संच दाखवला, कौतुकाने. "आमचा ह्योच मुकादम हाय बाई." मला ते बाई म्हणतात, गावाकडच्या शाळेतल्या बाईंसारखं. हात बघितले मी त्यांचे. संध्याकाळच्या त्या वेळेला थरथरत होते, चहाची बशी वाजत होती.

त्यामुळे एक गोष्ट मी तिथेच ठरवली, ह्यांना "आजपासून बंद" म्हणायचं नाही. इतकी वर्षं रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर फिट येऊ शकते, दोनतीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो, जीवावर बेतू शकतं, ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच करायचं काम. शेजारच्या एक बाई दारातूनच म्हणाल्या मुक्तांगणला टाका ना ह्यांना. टाका! पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून चाललंय आणि हजारो घरं उभी राहिलीत त्याने, पण ते पोतं नाही उचलून टाकायला, माणसाने स्वतः जावं लागतं. अप्पा तेव्हा तयार नव्हते.

मग मी एक साधी गोष्ट केली. कॉलेजच्या एका जुन्या नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पोराला घरातली कामं लिहायला सांगितली, तो करतो ती. सगळ्यांसमोर. पहाटे 5 ला नळावर पाणी. अप्पांची हजेरी. ठेकेदाराला फोन. बँक, पासबुक. गॅसची केवायसी. ई-श्रम. रेशन. धाकटीच्या शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप आणि पालकसभा (पालकसभेला हा जातो!). भाड्याचं अॅग्रीमेंट. आजीच्या गोळ्या गावी कुरिअर. क्वार्टर. बूट. 17 झाली. लिहिता लिहिता तो थांबत नव्हता आणि आई हळूहळू पदर तोंडाला लावून बसली. अप्पा कागद उलटा-सुलटा बघत राहिले, मग म्हणाले, "येवढं व्हय?"

मी म्हटलं ह्यातलं एक काढा आज. फक्त एक. कोणतं ते तुम्हीच सांगा. मी काही बोलले नाही, आईच बोलली, "ती बाटली तुमची तुमी आना."

अप्पा हो म्हणाले. मान खाली घालून का होईना, हो म्हणाले.

आणि इथे लोकांना वाटतं केस संपली. 8 दिवस अप्पा स्वतः गेले. नवव्या-दहाव्या दिवशी मोठी साइट होती, स्लॅब टाकला होता, पाय उचलत नव्हते, आणि त्यांनी 100 ची नोट धाकटीच्या हातात दिली. पोराला नाही म्हटलं होतं ना, मग पोरीला. त्यांच्या डोक्यात हे अगदी नियमात बसत होतं. पोरगा क्लासवरून येत होता, गल्लीच्या तोंडाशी त्याला धाकटी दिसली, हातात काळी पिशवी, दुसऱ्या हातात शेंगदाण्याची पुडी, उड्या मारत. त्याने पिशवी घेतली आणि भिंतीवर आपटली. मग घरात जाऊन जे झालं ते तो सांगत नाही, आई सांगते की बापाची कॉलर धरली होती. मला रात्री 10 ला फोन, पहिल्यांदाच, रडत नव्हता, श्वास लागलेला, "मॅडम माझ्याजागी तिला लावली त्यांनी."

दुसऱ्या दिवशी आईने सुट्टी टाकली, खाडा लागला तरी. गल्लीतल्या गावाकडच्या 4 बायका घेतल्या आणि दुकानासमोर जाऊन उभी राहिली. आरडाओरडा नाही. काउंटरवाल्याला म्हणाली, "माझं एक बी लेकरू हितं आलं आन् तू बाटली दिली, तर मी पोलिसात नाय जानार, हितंच बसंन." आणि खरंच तासभर बसली. गिऱ्हाईकं वळून वळून जात होती. तेव्हापासून त्या दुकानातून त्या गल्लीतल्या कुठल्याच पोराला पिशवी मिळत नाही, निदान त्या काउंटरवर. माझा प्रिंट काढलेला कागद अजून पर्समध्येच होता.

ह्या गोष्टीवरून एक सांगायचंय. ट्रेनिंगमध्ये आम्हाला सांगितलं होतं की अमेरिकेत स्थलांतरितांच्या मुलांवर जो अभ्यास झाला त्यात बरेचदा दिसलं की नवीन आलेल्या पिढीतली पोरं तिथेच जन्मलेल्यांपेक्षा कमी पितात, घर घट्ट असतं, नातेवाइकांची नजर असते. ती नजर ह्या गल्लीतही होती की. हा पोरगा तुर्भ्यात बाहेर कधी प्यायला नाही, कारण तिथे प्रत्येक मावशी गावाची. प्यायला तो घणसोलीत, जिथे त्याच्या बापाला कोणी ओळखत नाही, आणि घरात, जिथे नजर ठेवायचं काम त्याच्याकडेच होतं.

पुढचं भराभर सांगते. पोराबरोबर मार्चपर्यंत 9 सेशन झाले. दारू सोड असं मी म्हटलं नाही, लिहून ठेव म्हटलं, हजेरी मोजतोस तशी. तारीख, कुठे, किती, का. हे त्याला जमणारच होतं. जानेवारीत 6 नोंदी, फेब्रुवारीत 2, एक शिवजयंतीची आणि एक नुसतंच "अप्पा". मार्चमध्ये नाही. यादीतली आणखी 4 कामं निघाली, पालकसभेला आई जायला लागली, बँकेत अप्पा मामाला घेऊन जातात. अप्पा एकदा डॉक्टरकडे येऊन गेले, गोळ्या 15 दिवस घेतल्या, मग साइट बदलली आणि राहिलं. मामाबरोबर एएच्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) एका मीटिंगला जाऊन बसले, म्हणाले "मानसं चांगली हायेत", परत गेले नाहीत. क्वार्टर स्वतः आणतात, खरं म्हणजे आता तिथेच उभ्याने पितात आणि घरी उशिरा येतात, आणि आई मला एकदा स्पष्ट म्हणाली, आधी डोळ्यासमोर तरी होते. ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. जून 2025 मध्ये सरकारने दर वाढवले, देशीची क्वार्टर 80 ला गेली, त्याने फरक पडला का, तर शेंगदाणे बंद झाले.

पोरगा अकरावी पास, 61 टक्के. मग बारावीला गेला.

2025 ची गटारी 24 जुलैला, गुरुवारी आली. गुरुवारी बरेच जण खात-पीत नाहीत म्हणून निम्म्या नवी मुंबईने बुधवारीच उरकून घेतली. शुक्रवारी सकाळी त्याचा मेसेज. "मॅडम बुधवारी गेलेलो. एक बीअर. माइल्ड. जेवून. लिहून ठेवलंय." थोड्या वेळाने दुसरा, "घरी आल्यावर अप्पांना वास आला. त्यांनाच आला, बोला आता." आणि पुढे हसण्याच्या 2 इमोजी.

मी विचारलं, मग काय म्हणाले?

बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत होतं. मग आलं, "काहीच नाही बोलले. सकाळी उठलो तर पाणी भरलेलं होतं."

मी लिहिलं, शनिवारी ये.